जुनी दोन ग्राफिक्स कार्डं ताडून पाहायची तर कोणत्या क्रमाने?

पाचोऱ्याचा एक मुलगा कार्ड माझ्या टेबलावर ठेवत म्हणाला, "भो, चार जीबीचं घेतलं तरी गेम अडकतोय." कार्ड होतं जीटी ७३०, ४ जीबी डीडीआर३ (हळू प्रकारची जुनी मेमरी). तेवढ्याच पैशात त्याला जीटीएक्स ७५० टीआय मिळत होतं, पण ते २ जीबीचं म्हणून त्याने सोडलं. ७३० च्या त्या मेमरीचा वेग सेकंदाला १४.४ जीबी, ७५० टीआयचा ८६.४. बरोबर सहापट. जिथे बघायचं तिथे त्याने बघितलंच नव्हतं.

असा कुणीतरी दर महिन्याला येतोच. बरं, आकडे कळत नाहीत असंही नसतं, यूट्यूब बघून पोरांना पुष्कळ माहिती असते. चुकतो तो क्रम. आधी जीबी बघतात, मग भाव करतात आणि कार्ड घरी आणल्यावर एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) बघायला कॅबिनेटचं झाकण उघडतात. खाली दिलेला क्रम जवळजवळ याच्या उलटा आहे. उदाहरणाला मी सगळीकडे एकच जोडी धरली आहे, कारण सेकंड हँड बाजारात हीच दोन सगळ्यात जास्त फिरताना दिसतात: एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय (ऑक्टोबर २०१६) आणि एएमडीचं आरएक्स ५७० (एप्रिल २०१७). दोन्ही ४ जीबीची.

## आधीची तयारी

वहीचं एक पान घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यावर "माझं मशीन", पुढच्या दोनांवर दोन कार्डांची नावं. बरेच जण दोनच रकाने आखतात, तिथूनच गोंधळ सुरू होतो.

मग कॅबिनेट उघडून मोबाइलवर चार फोटो काढा: एसएमपीएसचं लेबल, मदरबोर्डवर छापलेलं मॉडेल, मॉनिटरच्या मागची सॉकेटं आणि कार्ड बसतं ती जागा. शेवटच्या फोटोत टेप धरून स्लॉटपासून समोरच्या हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर दिसू द्या. जळगावच्या गोलाणी मार्केटला चक्कर मारायची ती हे फोटो खिशात असतील तेव्हाच. काउंटरवर उभं राहून, मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना कुणालाही नीट तुलना जमत नाही. मलाही नाही.

## टप्पा १ : पहिला रकाना भरा, कार्डाकडे अजून बघू नका

वीज. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात "४५० वॅट" लिहिलेलं असतं. ते सोडा. लेबलवरच्या तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा आणि तिथले अँपिअर बघा. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही मुख्यतः याच लाइनवर चालतात. समजा तिथे १६ अँपिअर आहेत. १६ × १२ = १९२ वॅट, म्हणजे तुमच्या कामाची वीज एवढीच. मोठा आकडा कितीही असो.

आता हिशेब करा. १०५० टीआयचा ठरलेला वापर ७५ वॅट, आरएक्स ५७० चा १५०. प्रोसेसरचे ६५ धरले तर पहिल्याला १४० लागतात, दुसऱ्याला २१५. १९२ मध्ये पहिलं बसतं, दुसरं बसत नाही. बऱ्याच जणांची तुलना इथेच संपते, आणि संपू द्यावी. कंपन्यांची शिफारस विचाराल तर १०५० टीआयला ३०० वॅटचा आणि आरएक्स ५७० ला ४५० वॅटचा एसएमपीएस, पण तो खऱ्या ४५० चा. नुसत्या स्टिकरचा नव्हे.

पिना. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. ६ पिनची वायर आणखी ७५ देते, ८ पिनची १५०. त्यामुळे बहुतेक १०५० टीआय वेगळ्या वायरीशिवाय चालतात आणि आरएक्स ५७० ला ती लागतेच, बहुधा ८ पिनची.

*सावधान: "वायर नाही? कन्व्हर्टर देतो ना," असं कुणी म्हणालं की आधी विचारा, कन्व्हर्टर कशावरून? हार्डडिस्कला वीज देणाऱ्या साटा कनेक्टरची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅटच्या आसपास असते. त्यावरून ८ पिन काढली तर प्लास्टिक वितळतं. वितळलेले कनेक्टर मी कापून काढले आहेत.*

मॉनिटर. निळ्या व्हीजीए सॉकेटचे जुने मॉनिटर आपल्याकडे अजून ढिगाने आहेत. जीटीएक्स ९०० मालिकेपर्यंत कार्डावर डीव्हीआय-आय नावाचं सॉकेट असायचं, त्यावर साधा प्लग लावला की व्हीजीए मिळायचं. १०५० टीआयवर डीव्हीआय-डी असतं. त्या प्लगच्या चार जादा पिनांना तिथे भोकंच नसतात. आरएक्स ५७० वरही व्हीजीए मिळत नाही. अशा मॉनिटरला एचडीएमआय ते व्हीजीए असा आत सर्किट असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो खर्च रकान्यात आत्ताच मांडा.

बोर्ड. एच६१ सारख्या जुन्या बोर्डात नवं कार्ड घातलं की कधी कधी डिस्प्लेच येत नाही, बायॉस (मशीन सुरू करणारा, चिपमधला प्रोग्रॅम) अपडेट केल्यावर येतो. बोर्डाचं मॉडेल लिहून ठेवा आणि त्याचा शेवटचा बायॉस आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट २.० चा की ३.० चा यावर फार डोकं शिणवू नका. या दोन कार्डांना त्याने मोठा फरक पडत नाही.

*तपासा: पहिल्या रकान्यात चार गोष्टी आल्या का? १२ व्होल्टचे वॅट, मोकळी ६ किंवा ८ पिन, मॉनिटरचं सॉकेट, सेंटीमीटरमध्ये जागा. एक जरी कोरी असेल तर पुढे जाऊ नका.*

## टप्पा २ : नावामागचं खरं कार्ड ओळखा

सर्वांत जास्त पैसा इथे बुडतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

एकाच नावाखाली दोन-तीन वेगळी कार्डं विकली गेली आहेत, आणि तीसुद्धा कंपनीने स्वतः. जीटी ७३० चे मूळ तीन प्रकार: एकात जुन्या फर्मी पिढीचे ९६ कोअर (चित्राचा हिशेब करणारे छोटे भाग) आणि १२८ बिटची डीडीआर३, दुसऱ्यात नंतरच्या केपलर पिढीचे ३८४ कोअर पण ६४ बिटची डीडीआर३, तिसऱ्यात तेच ३८४ कोअर आणि जीडीडीआर५ ही वेगवान मेमरी. जीटीएक्स १०६० चं उदाहरण बघा. ६ जीबीवाल्यात १२८० कोअर, ३ जीबीवाल्यात ११५२. म्हणजे ३ जीबीचं कार्ड नुसतं मेमरीने लहान नाही, इंजिनच लहान आहे.

आपल्या जोडीच्या शेजारीही असेच सापळे आहेत. नुसतं "१०५०" म्हणजे ६४० कोअर आणि २ जीबी. त्याचाच ३ जीबीचा प्रकार आहे, त्यात टीआयइतकेच ७६८ कोअर आहेत पण मेमरीची बस, म्हणजे तिच्या ये-जा करण्याचा रस्ता, ९६ बिटची. कुणी "१०५०, तीन जीबी, टीआयसारखंच" म्हणाला तर तो अर्धं खरं बोलतोय. तिकडे आरएक्स ५८० म्हणजे २३०४ शेडर (एएमडीच्या कार्डातले कोअर). पण "५८० २०४८ एसपी" नावाचं कार्डही बाजारात आहे, आणि ते नावाला ५८० असलं तरी आतून ५७० च आहे. ५८० च्या भावाने ते घेऊ नका.

म्हणून दुकानदाराला, किंवा समोर जो विकणारा असेल त्याला, नाव विचारू नका. चार गोष्टी विचारा: कोअर किंवा शेडर किती, मेमरीचा प्रकार कोणता, बस किती बिटची, जीबी किती. कार्ड कुठल्या चालू मशीनमध्ये असेल तर जीपीयू-झेड या फुकट प्रोग्रॅमच्या पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट मागा. चारही उत्तरं त्या एकाच पानावर असतात.

| | १०५० टीआय | आरएक्स ५७० |
|---|---|---|
| कोअर / शेडर | ७६८ | २०४८ |
| बूस्ट वेग | १३९२ मेगाहर्ट्‌झ | १२४४ मेगाहर्ट्‌झ |
| मेमरी | ४ जीबी जीडीडीआर५ | ४ किंवा ८ जीबी जीडीडीआर५ |
| बस | १२८ बिट | २५६ बिट |
| वीज | ७५ वॅट | १५० वॅट |

स्क्रीनशॉटमधला आकडा या तक्त्याशी जुळला नाही तर समोरचं कार्ड वेगळं आहे. बूस्टचा, म्हणजे कार्ड जोरात चालतानाच्या वेगाचा, आकडा मात्र थोडा वरखाली चालतो. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या तो स्वतः वाढवून देतात. कोअर आणि बस यांत फरक चालत नाही.

*सावधान: जुन्या फर्मी कार्डांवर खोटा बायॉस चढवून ती १०५० टीआय म्हणून विकली जातात. जीपीयू-झेडची नवी आवृत्ती अशा एनव्हिडिया कार्डाच्या नावाआधी "फेक" असा शब्द दाखवते. १०५० टीआय म्हणून दिलेल्या कार्डावर निळं व्हीजीए सॉकेट दिसलं तरी कान टवकारा.*

## टप्पा ३ : मेमरी, पण जीबी नव्हे

एकच सूत्र लक्षात ठेवायचं आहे: बसची बिटं × मेमरीचा वेग ÷ ८ = सेकंदाला किती जीबी.

दोन्ही कार्डांच्या मेमरीचा वेग ७ गिगाबिट आहे. १०५० टीआय : १२८ × ७ ÷ ८ = ११२. आरएक्स ५७० : २५६ × ७ ÷ ८ = २२४. मेमरी तेवढीच, वेग तोच, तरी बस रुंद असल्यामुळे माल दुप्पट जातो. केळीचे तेवढेच घड रावेरच्या शेतरस्त्यावरून न्यायचे की चौपदरी हायवेवरून, एवढाच हा फरक. गोदाम किती मोठं हे जीबी सांगतात, रस्ता किती रुंद हे नाही.

आता घोटाळा होतो तो वेगाच्या आकड्यात. १०५० टीआयचा मेमरी वेग एका प्रोग्रॅममध्ये १७५२ दिसतो, दुसऱ्यात ३५०४, खोक्यावर ७००८. तिन्ही एकच! जीडीडीआर५ मध्ये मूळ आकड्याची चौपट धरतात, डीडीआर३ आणि डीडीआर४ मध्ये दुप्पट. एका कार्डाचा १७५२ आणि दुसऱ्याचा ७०००, असे आकडे शेजारी लिहून "दुसरं चौपट वेगवान" म्हणणारे मला भेटले आहेत. दोन्ही आकडे एकाच मापात आणल्याशिवाय सूत्रात घालू नका.

प्रकारामुळे किती बिघडतं ते जीटी १०३० वर बघा. दोन्ही प्रकारांत २ जीबी, दोन्हीत ६४ बिट. जीडीडीआर५ वाला सेकंदाला ४८ जीबी ओढतो, डीडीआर४ वाला १६.८. काउंटरवर "१०३० दोन जीबी" एवढंच बोलून कार्ड हातात देतात आणि लोक घेऊन जातात.

मग जीबीला किंमतच नाही का? आहे. वेग पुरेसा असेल तेव्हा आहे. आरएक्स ५७० च्या ४ आणि ८ जीबीत निवडायचं असेल आणि भावात फार फरक नसेल, तर ८ घ्या. नव्या गेमची चित्रं ४ जीबीत मावत नाहीत. पण हा प्रश्न या सूत्रानंतरचा.

*तपासा: दोन्ही रकान्यांत "सेकंदाला जीबी" हा आकडा स्वतः काढून लिहिला का? जीपीयू-झेडमध्ये तो बँडविड्थच्या चौकटीत तयार मिळतो, तरी एकदा हाताने करा. दोन्ही जुळले नाहीत तर मेमरीचा प्रकार चुकीचा सांगितला गेलाय.*

## टप्पा ४ : कोअर मोजा, पण घरातल्या घरात

७६८ विरुद्ध २०४८. आरएक्स ५७० पावणेतीनपट? नाही. एनव्हिडियाचा कुडा कोअर आणि एएमडीचा स्ट्रीम प्रोसेसर ही एकाच तराजूची वजनं नाहीत. कागदावरची ताकद काढायची रीत अशी: कोअर × २ × वेग. त्याने १०५० टीआयचे २.१ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी हिशेब) येतात आणि आरएक्स ५७० चे ५.१. कागदावर जवळजवळ अडीचपट. खेळात आरएक्स ५७० पुढे राहतं, चांगलं पुढे राहतं, पण अडीचपट कधीच नाही.

तेव्हा नियम साधा ठेवा. एकाच कंपनीच्या एकाच पिढीतली कार्डं असतील तर कोअर थेट ताडा: १०५० टीआयचे ७६८ आणि १०६० चे १२८० हा हिशेब चालतो. पिढी बदलली की आकडा सैल धरा. कंपनी बदलली की तो बाजूला ठेवा आणि तुम्ही जो गेम खेळता त्याच गेमच्या, त्याच रिझोल्यूशनच्या चाचणीत दोन्ही कार्डं एकत्र दिसतात का ते शोधा. चाचणीतला प्रोसेसर तुमच्यापेक्षा फार भारी असेल तर तेवढे फ्रेम तुम्हाला मिळणार नाहीत, हेही धरून चाला.

## टप्पा ५ : तुमचं काम काय?

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे भाऊ इकडे बरेच येतात, आणि त्यांचा हिशेब गेमरसारखा नसतो. प्रीमिअर या एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये एनव्हिडिया कार्ड कुडा या त्या कंपनीच्याच पद्धतीवर चालतं, एएमडी ओपनसीएल या दुसऱ्या पद्धतीवर. तुमचा एखादा प्लगइन फक्त कुडाच मागत असेल तर आरएक्स ५७० ची रुंद बस काही कामाची नाही. १०५० टीआयमध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा वेगळा भाग आहे. जीटी १०३० मध्ये तो नाहीच, त्यामुळे "१०५० टीआय महाग पडतं, १०३० वर भागवू" हा विचार एडिटिंगवाल्याने करू नये. एव्ही१ हा नवा व्हिडिओ प्रकार या जोडीतलं एकही कार्ड स्वतःच्या हार्डवेअरवर उलगडत नाही.

ड्रायव्हरचा रकानाही इथेच भरा. केपलरसाठी, म्हणजे जीटी ७३० च्या ३८४ कोअरवाल्या प्रकारांसाठी, नेहमीचे गेम ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबले. १०५० टीआयच्या पास्कल पिढीला ते ऑक्टोबर २०२५ पर्यंत मिळाले. पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षा दुरुस्त्या मिळतील, असं एनव्हिडियाने सांगितलं आहे. आरएक्स ५७० ला एएमडीने २०२३ च्या अखेरीस मुख्य ड्रायव्हरमधून काढून वेगळ्या शाखेत टाकलं. दोन्ही कार्डं चालतील. नव्या गेमसाठी खास दुरुस्ती मात्र कुठल्याच बाजूने येईल असं समजू नका.

## टप्पा ६ : पैसे देण्याआधी चालवून बघा

कागदावर कार्ड ठरलं. आता समोरचा नमुना तपासायचा, कारण जुन्या कार्डाला पूर्वायुष्य असतं. आरएक्स ५७० ची मोठी फौज इथेरियम या आभासी चलनाच्या माइनिंगला, म्हणजे दिवसरात्र हिशेब करून ते चलन कमवायला, लावलेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची ती पद्धत बंद झाली आणि ती कार्डं बाजारात आली. माइनिंगचं कार्ड म्हणून लगेच सोडू नका, पण पंखे घरघरतात का ते ऐका आणि बायॉस मूळचा आहे का ते विचारा. बदललेल्या बायॉसवर कार्ड माइनिंग करतं, गेममध्ये मात्र अडखळतं.

क्रम असा ठेवा.

१. बंद कार्ड हातात घेऊन पंखा बोटाने फिरवा. हीटसिंकच्या (कार्डाची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत बघा. जिनिंगच्या आसपासच्या गावांतून आलेल्या कार्डांत धुळीपेक्षा कापसाचे तंतूच जास्त असतात, आणि ते वरून फुंकर मारून जात नाहीत. पंखा खोलून काढावे लागतात.

२. मशीन चालू करून जीपीयू-झेड उघडा आणि टप्पा २ मधला तक्ता पुन्हा जुळवा. बस इंटरफेसपुढे "एक्स१६ ३.० @ एक्स१६ १.१" असं दिसलं तर घाबरू नका. कार्ड रिकामं असताना लिंक वेग उतरवते. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी चालू केली की आकडा वर चढतो. @ च्या पुढे एक्स१६ ऐवजी एक्स४ किंवा एक्स१ दिसत राहिलं, तर मात्र कार्ड काढून पट्टी पुसून पुन्हा बसवा. तरीही सुधारलं नाही तर ते घेऊ नका.

३. वीस मिनिटं जड गेम किंवा चाचणी चालवा. पडद्यावर ठिपके, रंगीत चौकोन, रेघा दिसल्या की विषय संपला. "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे," हे उत्तर ऐकून घ्या, पैसे देऊ नका.

४. तापमान लिहा, आणि सोबत खोलीचंही लिहा. हे कुणीच करत नाही. डिसेंबरच्या रात्री खोली २२ अंश आणि कार्ड ७० अंश, म्हणजे फरक ४८ चा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेर पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याखालची खोली ४० ची धरा. तोच ४८ मिळवला तर ८८. पंखा जोरात फिरून त्यातले थोडे कमी करेल, पण थोडेच. दोन कार्डांची तापमानं वेगवेगळ्या दिवशी घेतली असतील तर नुसती ताडू नका, खोलीचं वजा करून ताडा. आणि हा फरक १५० वॅटच्या कार्डात आधीच मोठा असतो, तेव्हा कूलर नसलेल्या खोलीसाठी १०५० टीआयला मी स्वतः एक गुण जास्त देतो.

*तपासा: चाचणी तुमच्याच एसएमपीएसवर झाली का? दुकानाच्या दणकट सप्लायवर वीस मिनिटं चाललेलं कार्ड घरी दुसऱ्या मिनिटाला मशीन बंद पाडू शकतं. जमल्यास कॅबिनेटच घेऊन जा. रिक्षाचे पैसे वसूल होतात.*

शेवटी बिल. त्यावर "ग्राफिक कार्ड ४ जीबी" एवढंच लिहू देऊ नका. पूर्ण मॉडेल, मेमरीचा प्रकार, बसची बिटं आणि कार्डाच्या मागच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि बदलून देण्याची मुदत किती दिवसांची तेही तिथेच. पाचोऱ्याच्या त्या मुलाच्या बिलावर यातलं काहीच नव्हतं, म्हणून ७३० अजून त्याच्याकडेच आहे. आता तो त्यावर टायपिंगची कामं करतो, आणि त्या कामाला ते कार्ड छान चालतं.